दत्तक बालकाचे नव्या घरी रुजणे : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष कला, मानसशास्त्र)

गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या तासाला सरांनी जॉन बोल्बी यांचा सिद्धांत शिकविला. मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील भावबंध केवळ दूध पाजण्याने निर्माण होत नाही. जवळ घेण्याने, हाकेला ओ देण्याने तो निर्माण होतो, हे त्याचे सार. घरी येऊन मी ते आईला सांगितले. माझी आई चौथी शिकलेली. जिल्ह्याच्या गावी एका शिशुगृहात ती पंधरा वर्षे आया म्हणून काम करते. ती म्हणाली, "अगं, ज्या लेकराला कुणी कधी घेतलंच नाही, ते दुसऱ्याकडं तरी कसं जाईल?"

या एका वाक्याने मला ग्रंथालयात नेले. परदेशातून दत्तक आलेले तान्हे मूल नव्या घरी कसे रुजते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वयाचा विचार करू. चार महिन्यांचे मूल कोणाकडे पाहूनही हसते. सात-आठ महिन्यांचे झाले की ते आपले माणूस आणि परके माणूस यांत भेद करू लागते. म्हणून आठ महिने ते दोन वर्षे या वयात मूल नव्या हाती गेले, तर त्याचे दुःख मोठे असते. नव्या आईबापांच्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस असतो. मुलाच्या दृष्टीने मात्र ओळखीचा चेहरा, वास, आवाज आणि अंथरूण सारे एकाच दिवशी नाहीसे होते. त्यात घड्याळही बदलते. भारतातून मध्य युरोपात गेलेल्या बाळाची पहाट तेथे मध्यरात्री उगवते.

जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. आईपासून दुरावलेले मूल आधी आक्रोश करते, मग खिन्न होते आणि शेवटी अलिप्त होते, असा क्रम त्यांना व बोल्बींना आढळला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नव्या घरी आलेले मूल मुळीच रडत नसेल, तर पाहुणे "किती शहाणं बाळ!" म्हणतात, पण रडणाऱ्यापेक्षा अशा मुलाकडेच अधिक लक्ष द्यावे लागते. रडणाऱ्याला निदान कोणी येईल अशी आशा असते.

दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. १९५३ साली युद्ध थांबल्यानंतर तेथील हजारो मुले अमेरिकेत व युरोपात दत्तक गेली. पुढील काळात अनेक बाळे जाण्यापूर्वी पालनमातेकडे राहत. ती बाळाला कापडाने पाठीशी बांधून काम करी आणि रात्री उबदार जमिनीवर शेजारी घेऊन झोपे. नव्या घरी त्याच बाळाला निराळ्या खोलीत, कठड्याच्या पलंगावर ठेवले जाई. ते रात्रभर रडले तर नवल ते काय? अनुभवी पालक अशा वेळी आपलीच गादी जमिनीवर घेतात.

यातूनच काही साधे नियम निघाले आहेत. पहिले काही आठवडे घरात माणसांची गर्दी नसावी. भरविणे, न्हाऊ घालणे, निजविणे ही कामे आईवडिलांनीच करावीत. आजी-आजोबांनी हवे तर स्वयंपाक सांभाळावा. दूध, जेवणाच्या वेळा आणि हाक मारण्याचे नाव एकदम बदलू नये. जुने पांघरूण धुऊ नये, कारण त्याला ओळखीचा वास असतो. प्रत्येक रडण्याला उत्तर द्यावे. त्याने मूल लाडावत नाही. हे माणूस येते, हे त्याला कळते.

हे रुजणे शक्य असते काय? १९८९ नंतर रुमानियातील अनाथालयांतून इंग्लंडमध्ये आलेल्या मुलांचा मायकेल रटर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत आलेली मुले बहुतांशी सावरली. त्याहून अधिक काळ तेथे काढलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी पुढेही टिकल्या. नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी २००९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. पहिल्या वाढदिवसापूर्वी दत्तक गेलेल्या मुलांचा भावबंध इतर मुलांइतकाच सुरक्षित असतो, असे त्यांना दिसून आले.

तरीही मागचे सारे पुसले जाते असे नाही. कोरियातून नेदरलँड्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांना कोरियन भाषेचे उच्चार इतरांपेक्षा लवकर साधतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. सहा महिन्यांच्या आत गेलेल्यांच्या बाबतीतही हेच दिसले. म्हणून मुलाला त्याची कहाणी सांगितली पाहिजे आणि त्याची कागदपत्रे खरी असली पाहिजेत. या व्यवहारात फसवणूकही झाली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, ते याच भीतीपोटी. नेदरलँड्सने तर २०२१ साली परदेशातून नवी दत्तके घेणेच थांबविले.

आता आईविषयी. मी सातवीत असताना तिच्या शिशुगृहातून सव्वा वर्षाची एक मुलगी इटलीला गेली. दुभंगलेल्या ओठामुळे तिला चमच्याने भरवावे लागे. नवे आईवडील आले, तेव्हा पहिले दोन दिवस आईने त्या बाईंना नुसते शेजारी बसविले. तिसऱ्या दिवशी चमचा त्यांच्या हाती दिला. जाताना आपल्या जुन्या लुगड्याचा न धुतलेला तुकडा बरोबर दिला. त्या रात्री आई जेवली नाही. मी चिडून म्हणाले, "ती तुझी कोण लागत होती?" आई काही बोलली नाही.

अशा मुलांचे अहवाल नियमाप्रमाणे दोन वर्षे येतात. पहिला अहवाल आला, तेव्हा अधीक्षक बाईंनी आईला त्यातील थोडे वाचून दाखविले. सुरुवातीच्या रात्री मुलगी पलंगावर झोपेना. नव्या आईच्या पोटावरच झोपे. आता ती अनोळखी माणसाकडे जात नाही, आईला बिलगते. मला वाटले, ही तक्रार आहे. आईचा चेहरा मात्र उजळला. "परक्याकडं जात न्हाई म्हंजी तिला आपलं माणूस घावलं," ती म्हणाली.

हीच खूण आमच्या पाठ्यपुस्तकातही दिली आहे. परीक्षेत मी ती बोल्बींच्या नावावर लिहिली आणि गुण मिळाले. आईचे नाव मात्र कोणत्याच अहवालात नाही. म्हणून ते ऋण मी येथे नोंदवून ठेवीत आहे.