एक चर्च, दोन बिशप : माहीमच्या इतिहासातून धडा



धर्मग्राम म्हणजे काय, असे विचारले तर आपण बहुतेक जण चर्चच्या इमारतीकडे बोट दाखवतो. ख्रिस्तसभा मात्र सांगते की, धर्मग्राम म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूच्या हाती सोपविलेला श्रद्धावंतांचा समूह. हा समूह दुभंगला तर काय होते, ते मुंबईतील माहीमच्या संत मायकल चर्चच्या इतिहासावरून आपण पाहू.

हे चर्च 1534 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी उभारले, अशी परंपरा आहे. 1720 मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून दिले आणि चर्चेस कार्मेलाईट संघाच्या व्हिकर अपोस्टॉलिककडे सोपविली. पोर्तुगालच्या राजाचा हक्क मानणारा तो 'पाद्रोआदो' आणि रोमहून थेट नेमलेल्यांचा तो 'प्रोपागांदा', असे दोन पक्ष झाले. 1794 मध्ये तर बेटावरील चार चर्चेस दोन-दोन अशी वाटून दिली गेली.

1853 मध्ये हा वाद माहीमला विकोपाला गेला. व्हिकर अपोस्टॉलिक बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये अडकून पडले आणि विरोधी पक्षाच्या भाविकांनी चर्चला वेढा घातला. अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. दोन्ही बाजूंचे लोक कॅथलिकच होते. श्रद्धा एक, मिस्सा एक. भांडण होते ते अधिकाराचे!

पुढे एकाच वस्तीत राहणारी कुटुंबे वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली राहिली. ही दुहेरी व्यवस्था 1928 च्या करारानेच संपली. 1950 मध्ये वालेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

त्याच माहीमला 1948 पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना होते. आजची इमारत 1970 च्या दशकातील आहे. बुधवारच्या गर्दीत हिंदू, मुस्लिम, पारशी बांधवही असतात. जेथे एकेकाळी आपल्याच माणसांना दारे बंद झाली होती, तेथे आज परक्यालाही मेणबत्ती लावायला जागा मिळते.

करिंथच्या मंडळीत 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' असे गट पडले, तेव्हा संत पौलाने ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय, असे विचारले होते (1 करिंथ 1:10-13). आपल्याकडे आज पाद्रोआदो नाही. पण गाव, भाषा, जुने रहिवासी आणि नव्या इमारतींतले भाडेकरू असे गट आपण करतोच. गायकवृंदात कोण, सणाच्या समितीत कोण, यावरून अबोला धरतो. इमारत पुन्हा बांधता येते. तुटलेली मने जुळायला मात्र माहीमच्या भाविकांना पिढ्यान् पिढ्या लागल्या.

चिंतनासाठी प्रश्न (छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चा करावी) :

1. आपल्या विभागात नव्याने राहायला आलेल्या किती कुटुंबांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

2. कोणत्या मतभेदामुळे एखादे कुटुंब चर्चपासून दुरावले आहे काय? त्यांच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?