जुने मिलिंग मशिन, नवी मोटर : स्टेपर घ्यावी की सर्व्हो?



आपल्या अंतरवाली सराटी, वडीगोद्री, शहागड या पट्ट्यात ट्रॉली, रोटाव्हेटर, पंप यांची दुरुस्ती नेहमीचीच. आय.टी.आय. झालेला मुलगा वर्कशॉप काढतो, एच.एम.टी.चे एखादे जुने मिलिंग मशिन घेतो आणि मग म्हणतो, "याला मोटरी बसवून संगणकावर चालवू." पैसा जातो तो उसाच्या बिलातून. म्हणून हा विषय घरच्या कर्त्या माणसालाही कळला पाहिजे.

मिलिंग मशिन म्हणजे आपली ऊस पिळण्याची मिल नव्हे. फिरत्या कटरखाली लोखंड धरून चावीची खाच, गिअरचे दात किंवा सपाट बाजू काढायचे हे यंत्र. त्याचा टेबल डावा-उजवा, मागे-पुढे आणि वर-खाली सरकतो. हाताने फिरवायच्या या तीन चाकांच्या जागी मोटरी येतात. कटर फिरवणारी मोटर वेगळी. तिचा येथे विचार नाही.

स्टेपर : पावले मोजणारा गडी

स्टेपर मोटर एका फेऱ्यात साधारण २०० पावले टाकते. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ५ मि.मी. सरकत असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०२५ मि.मी. स्वस्त, जोडायला सोपी आणि सावकाश चालताना ताकदीची. पण डोळे मिटून पावलांनी शेत मोजणाऱ्यासारखी तिची गत. सरीत पाय घसरला तरी तो आपला पुढचा आकडा म्हणतच राहतो. कटर अडला, चार पावले चुकली, तरी कंट्रोलरला पत्ता लागत नाही आणि पुढचे सगळे काम तेवढे सरकून होते.

सर्व्हो : बघून चालणारा गडी

आपल्या कारखान्यांत मिलच्या तोंडाशी ऊस जास्त साचला की केन कॅरियरचा वेग कमी करतात, कमी पडला की वाढवतात. आधी बघायचे, मग करायचे. सर्व्हो मोटर हेच करते. तिच्या मागे एन्कोडर असतो. आपण नक्की किती फिरलो हे तो सतत सांगतो. मागे पडली तर मोटर जोर लावते, तरीही जमले नाही तर ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. मात्र ही अलार्मची तार कंट्रोलरला जोडलेली हवी, नाहीतर एक मोटर थांबते आणि बाकीच्या दोन काम बिघडवत चालू राहतात.

पाटीवरचा आकडा

खरी फसगत इथे होते. स्टेपरवर ८ न्यूटन-मीटर लिहिलेले असते आणि ७५० वॅटच्या सर्व्होवर जेमतेम २.४. गिऱ्हाईक म्हणते, स्वस्त आणि तिप्पट ताकदीची! पण ते ८ मोटर जागेवर उभी असतानाचे. वेग वाढेल तशी स्टेपरची ताकद झपाट्याने घसरते. सर्व्होचे २.४ मात्र मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत टिकतात, आणि क्षणभर ती सुमारे तिप्पट जोर देते. दोनास एक अशी पुली लावली, तर १५०० फेऱ्यांवर ४.८ मिळतात. काट्यावरचे वजन वेगळे आणि साखरेचा उतारा वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता हिशेब करा. लोखंड कापताना टेबल मिनिटाला ३०० मि.मी. सरकला, तर ५ मि.मी.च्या स्क्रूला ६० फेरे लागतात. तेवढे स्टेपर खुशाल करते. पण रिकामा टेबल मिनिटाला ५ मीटर पळवायचा म्हटला, की फेरे होतात १०००. जड टेबलासाठी तिथे सर्व्होच बरी.

मोटरीच्या आधी स्क्रू

जुन्या मशिनचा स्क्रू आणि नट झिजलेले असतात. चाक उलटे फिरवले की टेबल हलण्याआधी थोडे रिकामेच फिरते. यालाच बॅकलॅश म्हणतात. टेबलाला डायल लावून ते मोजा. पाव मि.मी.चा ढिलेपणा निघाला, तर महागातली सर्व्होसुद्धा तो काढू शकत नाही, कारण तिचा एन्कोडर मोटर बघतो, टेबल नव्हे. म्हणून पहिला खर्च बॉल स्क्रूवर आणि स्लाइड दुरुस्तीवर करावा.

बॉल स्क्रूबरोबर एक धोकाही येतो. जुना स्क्रू वजन आपोआप धरून ठेवतो, बॉल स्क्रू धरत नाही. वीज गेली की वर-खाली होणारा भाग खाली बसतो. कटर मोडतो, हात सापडला तर हातही जातो. त्या जागी ब्रेकची मोटर घ्यावीच, मग ती कोणत्याही जातीची असो. शिवाय वीज परत आल्यावर साध्या स्टेपरला आपली जागा आठवत नाही. लिमिट स्विचवर नेऊन नव्याने शून्य धरावे लागते. साध्या एन्कोडरच्या सर्व्होचेही तसेच. जागा लक्षात राहते ती ॲब्सोल्यूट एन्कोडरची.

मग घ्यावे काय?

एक-दोन नग, सावकाश काम आणि माणूस शेजारी उभा असेल, तर स्टेपर पुरे. हिशेबापेक्षा बरीच मोठी घ्या आणि हळू चालवा. नगामागून नग काढायचे असतील, टेबल जड असेल किंवा एका नगाचे लोखंडच महागाचे असेल, तर सर्व्हो घ्या. एन्कोडर लावलेली स्टेपर हा मधला मार्ग आहे. ती चूक सांगते, पण वेगात तिचीही ताकद घसरतेच.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : मला हव्या त्या वेगाला ताकद किती? तिचा आलेख दाखवा. अडली तर कंट्रोलरला कळेल का? वीज गेल्यावर उभा भाग कोण धरील? सरळ उत्तर मिळेपर्यंत उसाच्या बिलाचा पैसा सोडू नका.