डोळ्यांनी लिहिणारा चष्मा

आपल्याला तहान लागली की आपण पाणी मागतो. मागतो म्हणजे काय करतो? जीभ हलवतो, ओठ हलवतो. यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. पण काही माणसांची जीभ हलत नाही. हात हलत नाही, म्हणून खूणही करता येत नाही. कान मात्र चांगले असतात. समज चांगली असते. घरातले लोक त्यांच्यासमोरच म्हणतात, "याला काय कळतंय!" आणि ते त्यांना कळते.

अशा माणसांना बोलता यावे म्हणून साधने निघाली आहेत. त्यांतल्या एकाची हकिकत पाहू.

अमेरिकेत लॉस एंजलिस नावाचे मोठे शहर आहे. तिथे टोनी क्वान नावाचा चित्रकार भिंतींवर रंगाने अक्षरे काढीत असे. निवडणुकीत आपल्या भिंती रंगवून ठेवतात तशी नव्हेत. ती अक्षरे म्हणजे चित्रेच होती. २००३ साली त्याला एएलएस हा आजार असल्याचे कळले. या आजारात मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात. हात गेले, पाय गेले, बोलणे गेले. डोळे तेवढे फिरत राहिले.

डोळ्यांनी चालणारी यंत्रे तेव्हाही बाजारात होती. पण त्यांची किंमत हजारो डॉलर. मग २००९ साली काही चित्रकार आणि संगणकाची कामे जाणणारे लोक एकत्र जमले. त्यांनी काय घेतले पाहा. उन्हात घालायचा एक स्वस्त चष्मा. थोडी तांब्याची तार. मुलांच्या व्हिडिओ खेळातला एक छोटा कॅमेरा. आणि दोन-चार बारीक दिवे. या सामानाचा खर्च तेव्हा सुमारे ५० डॉलर, म्हणजे काही हजार रुपये. संगणक वेगळा.

हे चालते कसे? तार चष्म्याला बांधून तिच्यावर कॅमेरा बसवला. तो डोळ्यासमोर येतो. दिव्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्या प्रकाशात बुबुळाच्या मधली काळी बाहुली ठळक दिसते. बाहुली कुठे सरकली ते संगणक पाहत राहतो. आधी त्याला शिकवावे लागते. पडद्यावर एकेक ठिपका येतो, आणि माणसाने त्याच्याकडे बघायचे. असे बरेच ठिपके झाले की बाहुली इथे असली म्हणजे नजर तिथे, हा हिशेब संगणकाला जमतो. मग एका जागी नजर थोडी रोखून धरली की तिथे बोट ठेवल्यासारखे होते.

टोनी क्वानने खाटेवर पडल्या पडल्या नजरेने पुन्हा अक्षरे काढली. रात्री ती शहरातल्या एका इमारतीच्या भिंतीवर प्रकाशाने उमटवली. हात न हलवता भिंत रंगली!

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. या लोकांनी ही कृती लपवली नाही. कोणते सामान, तार कशी वाकवायची, संगणकाला काय सांगायचे, सगळे जाहीर केले. याला ओपन सोर्स म्हणतात. आपण खुली कृती म्हणू. आपल्याकडे एखादा वैद्य मुळी कोणती ते मुलालाही सांगत नाही. वैद्य गेला की औषध गेले. खुल्या कृतीचे तसे नसते. चष्मा डोक्यावर बसवलेला, तेव्हा डोके किंचित हलणाऱ्या माणसांना तो नीट चालेना. मग त्याच कृतीवरून दुसरी केली. तिच्यात कॅमेरा आणि दिवे डोक्यापासून दूर बसवले.

स्टीफन हॉकिंग हे इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ. त्यांची वाचा १९८५ साली गेली. पुढे ते गालाच्या नुसत्या हालचालीने संगणकावर शब्द निवडत. त्यासाठी इंटेल कंपनीने केलेली संगणकाची प्रणाली २०१५ साली अशीच सर्वांना खुली झाली.

हे वाचले आणि आम्हाला एक मुलगा आठवला. तीस वर्षांपूर्वी एक बाई त्याला कडेवर घेऊन आमच्या शाळेत आली. सात वर्षांचा मुलगा. हात आखडलेले, तोंडातून नुसता आवाज. ती म्हणाली, "गुरुजी, याला सगळं कळतं." आम्ही म्हणालो, "ताई, इथं बसून हा काय करणार?" ती काही बोलली नाही. त्याला उचलून घेऊन गेली.

गेल्या वर्षी आम्ही त्या घरी गेलो. संगणक नेला नाही, एक पुठ्ठा नेला. त्यावर तुम्ही शिकलात तीच मुळाक्षरे ओळींनी लिहिली होती. पहिली ओळ क ख ग घ ङ, दुसरी च छ ज झ ञ, अशी. खाली काना, वेलांटी, उकार, मात्रा. ही पाटी तुम्हीही करू शकाल. अक्षरे मोठी काढा. आधी 'हो' म्हणायची खूण ठरवा. वर बघितले म्हणजे 'हो'. मग विचारा, "पहिली ओळ? दुसरी? तिसरी?" तो वर बघेल तिथे थांबा. मग त्या ओळीतली अक्षरे एकेक करून विचारा. घाई करू नका. मनाने शब्द पुरा करू नका. ही खोड आम्हा शिक्षकांना फार!

आम्ही तेच केले. सहाव्या ओळीवर त्याने वर बघितले. य? र? वर बघितले. मग तिसरी ओळ. ट, ठ, ड. वर बघितले. आम्ही लिहिले, 'रड'. आई डोळ्यांना पदर लावून बसली. आम्हालाही काही सुचेना. तो मात्र जोरजोरात आवाज करू लागला. तेव्हा लक्षात आले, मात्रा आणि वेलांटी विचारलीच नव्हती. पुन्हा सुरुवात केली. र ला मात्रा आहे का? हो. ड ला वेलांटी? हो. पुढे ओ. मग ब, त्यावर अनुस्वार. मग द.

रेडिओ बंद.

त्याला करमावे म्हणून घरच्यांनी कित्येक वर्षे उशाशी रेडिओ लावून ठेवला होता. सकाळपासून रात्रीपर्यंत. आई उठली, तिने कळ फिरवली, आणि म्हणाली, "अरे, मग आधी सांगायचं नाही का?"

तो हसला.