कच्चा पण टॅलेंटेड पोरगा: लवकर उचलायचा की थांबायचं?

व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो: "सर, एक पोट्टा आहे. हात चांगला चालतो, डोकं तेज आहे, पण अनुभव शून्य. आत्ताच कामावर घेऊ का तयार माणूस शोधू?"

या प्रश्नावर सगळ्यात जास्त पैसा लावतात खेळातल्या टीमा. त्यामुळे आज तिकडूनच शिकू या. आणि पहिलं उदाहरण तर आपल्या गावचंच आहे.

अमरावतीचा जितेश

जितेश शर्मा. २०१६ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सनं त्याला १० लाखात घेतलं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. म्हणजे टॅलेंट मुंबईनं लवकर ओळखलं. पण कीपिंगला तेव्हा त्यांच्याकडे पार्थिव पटेल आणि जोस बटलर होते. २०१६ आणि २०१७, दोन सीझनमध्ये जितेशला एकही मॅच मिळाली नाही.

२०२२ मध्ये पंजाब किंग्जनं त्याला २० लाखात घेतलं आणि मैदानात उतरवलं. त्या सीझनला १२ मॅचमध्ये २३४ रन, तेही १६० च्या वर स्ट्राइक रेटनं. २०२३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२४ च्या शेवटी झालेल्या लिलावात बेंगळुरूनं त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. २० लाखाचे ११ कोटी, म्हणजे ५५ पट! मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध २२८ चा पाठलाग करताना कॅप्टन म्हणून त्यानं ३३ बॉलमध्ये नाबाद ८५ केले. पुढं फायनलमध्ये बेंगळुरूनं पंजाबलाच ६ रननी हरवलं आणि त्यात जितेशचे १० बॉलमध्ये २४ होते.

आता यात धंद्याचं काय? एक: नुसतं लवकर घेऊन फायदा होत नाही, काम द्यावं लागतं. दोन: तुम्ही तयार केलेला माणूस उद्या समोरच्या दुकानाच्या काऊंटरवर उभा राहू शकतो. दोन्ही गोष्टी हिशोबात धरायच्या.

अमेरिकेचे दोन क्वार्टरबॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. बॉल कोणाकडे फेकायचा, हे तो ठरवतो. तिथं नवीन पोरांचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो: टीमांनी नंबरानं एकेक पोरगा निवडायचा. साधारणपणे मागच्या वर्षी सगळ्यात खाली राहिलेल्या टीमचा पहिला नंबर.

२००७ मध्ये रेडर्स टीमनं जामार्कस रसेलला पहिल्या नंबरवर घेतलं. हाताची ताकद जबरदस्त. पण कराराची बोलणी लांबली, त्यामुळे सीझनआधीचा सराव कॅम्प हुकला. करार कोट्यवधी डॉलरचा. तीन सीझनमध्ये टीमनं त्याला २५ मॅचमध्ये सुरुवातीपासून खेळवलं, जिंकल्या फक्त ७. २०१० मध्ये टीमनं त्याला सोडून दिलं.

२०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनं पॅट्रिक महोम्सला घेतलं. तोही कच्चाच मानला जात होता. त्यांचा नंबर २७ वा होता, पण दुसऱ्या टीमला पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा नंबरसुद्धा देऊन ते १० व्या नंबरवर आले. एवढी किंमत मोजूनही पोराला लगेच मैदानात ढकललं नाही. अ‍ॅलेक्स स्मिथ हा अनुभवी क्वार्टरबॅक टीम सांभाळत होता आणि महोम्स वर्षभर त्याच्या मागं शिकला. पहिल्या वर्षी एकच मॅच. दुसऱ्या वर्षी तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टॅलेंट दोघांकडं होतं. चीफ्सकडं एक जास्तीची गोष्ट होती: पोरगा शिकेपर्यंत दुकान चालवणारा माणूस.

किंमत किती टक्के?

आता वैभव सूर्यवंशी बघा. २०२४ च्या त्याच लिलावात राजस्थान रॉयल्सनं १३ वर्षांच्या पोरावर १ कोटी १० लाख लावले. लोक म्हणाले, काय वेडे आहेत बाप्पा! पण प्रत्येक टीमचं बजेट १२० कोटी होतं. म्हणजे डाव १ टक्क्याचाही नव्हता. चुकला असता तरी टीम बुडत नव्हती. पहिल्या सात मॅच त्याला बाहेर बसवलं, आठव्या मॅचला उतरवलं. तिसऱ्याच मॅचला त्यानं ३५ बॉलमध्ये शतक ठोकलं.

(दुकानात मात्र १४ च्या आतलं पोरगं कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. १८ पूर्ण झालेलाच घ्या, आधार कार्ड बघून.)

आता आपल्या दुकानाचा हिशोब

समजा तुमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि सहा महिन्यांनी दुसरा कारागीर लागणारच आहे. तयार कारागीर महिन्याला २२ हजार मागतो. कच्चा पोरगा १२ हजारात येतो.

- सहा महिने शिकवण्याचा पगार: ७२ हजार
- शिकताना खराब होणारं सामान धरा: १० हजार
- एकूण लावलेले: ८२ हजार

शिकल्यावर त्याला १६ हजार दिले, तर तयार माणसापेक्षा महिन्याला ६ हजार वाचतात. ८२ भागिले ६, म्हणजे जवळपास १४ महिने. शिकण्याचे सहा मिळवले तर २० महिने. पोरगा २० महिने टिकला तर पैसा वसूल, त्यानंतर फायदा. वर्षातच गेला तर शिकवणी फुकट.

म्हणून घेण्याआधी हे तीन प्रश्न:

१. बुडाले तर झेपेल का? ८२ हजार गेले तरी दुकानाचं भाडं आणि मालाचे पैसे वेळेवर जातील का? नसतील जात, तर तयार माणूसच घ्या, अर्धा दिवस का होईना.

२. तुमचा अ‍ॅलेक्स स्मिथ कोण? पोरगा शिकेपर्यंत गिऱ्हाईक कोण सांभाळणार? तुम्ही स्वतः दिवसभर माल आणायला फिरत असाल तर त्याला शिकवणार कोण?

३. मॅच कधी देणार? तारीख लिहून ठेवा. तिसऱ्या महिन्यात स्क्रीन बदलणं त्याचं, पाचव्यात चार्जिंगचा प्रॉब्लेम त्याचा. आणि पगारवाढ कधी, तेही पहिल्याच दिवशी सांगा. झाडू मारायला ठेवलेला हुशार पोरगा वीस महिने कशाला थांबेल?

तिन्ही उत्तरं "हो" असतील तर बिनधास्त लवकर घ्या, कारण तयार झाल्यावर तोच माणूस परवडणार नाही. एक जरी "नाही" असेल तर पोरगा कितीही हुशार असो, थांबा. त्याचंही वर्ष वाया जायला नको.

या आठवड्याचा होमवर्क: वहीत तुमच्या दुकानाचे आकडे टाकून "किती महिने टिकला पाहिजे" ते काढा आणि कमेंटमध्ये लिहा. २४ पेक्षा जास्त महिने येत असतील तर पगार न वाढवता काय बदलता येईल, ते पुढच्या व्हिडिओत बघू. भेटू या!