सोडणे आणि सुटणे

आमची दिंडी संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालते. त्र्यंबकेश्वराहून निघावे, नाशिक, सिन्नर मागे टाकावे आणि राहुरी, नगर करीत पंढरीची वाट धरावी, असा आमचा मार्ग. २०१९ च्या वारीत राहुरीच्या बाजूला एका झाडाखाली विसाव्यास बसलो असता एक वृद्ध गृहस्थ ताकाची कळशी घेऊन आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर; धर्माने ख्रिस्ती. दरसाल दिंडीला ताक पाजण्याचा त्यांचा नेम आहे. माझ्या पेल्यात ताक ओतता ओतता म्हणाले, "महाराज, एक विचारू का?"

"विचारा की, मास्तर."

"तुम्ही मंडळी घरदार सोडून निघता. पंढरपुराहून परत गेल्यावर त्यातले सुटलेले किती असते हो?"

आता आम्ही पाठशाळेत शिकलेले. प्रश्न आला की आधी विग्रह करायचा, ही खोड. मी त्यांना सांगितले की, 'राग' म्हणजे आसक्ती. ज्याच्यापासून ती निघून गेली तो विराग. त्याचा भाव ते वैराग्य. शिवाय स्मशानवैराग्य, पुराणवैराग्य, प्रसूतिवैराग्य असे तीन क्षणिक प्रकार सांगितले. मास्तरांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमच्याकडेही हीच अडचण आहे, महाराज. सोडणारे पुष्कळ, सुटलेले थोडे." आणि त्यांनी मला शुभवर्तमानातील एका श्रीमंत तरुणाची कथा सांगितली. प्रस्तुत पाठ त्या कथेवर आहे.

कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात ही कथा कशाला? बाबांनो, नाथमहाराजांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला तो काय उगाच? दुसऱ्याच्या घरातला दिवा पाहिला म्हणजे आपल्या घरातली वात सारावीशी वाटते. शिवाय ह्या कथेचा आणि आपल्या तुकोबारायांचा एक खराखुरा संबंध आहे, तो पुढे येईलच.

कथा अशी. एक तरुण धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो व अक्षय जीवनासाठी काय करू, असे विचारतो. येशू त्याला आज्ञांची आठवण देतात. खून करू नये, चोरी करू नये, आईबापांचा मान राखावा, वगैरे. तरुण म्हणतो, हे तर मी लहानपणापासून पाळीत आलो. येथे मार्काच्या शुभवर्तमानात एक बारीकशी गोष्ट आहे, ती इतर दोघा लेखकांनी दिलेली नाही. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. मग सांगितले की, तुझ्यात एक उणे आहे. जे आहे ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तरुणाचे तोंड उतरले. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. उंटाचा आणि सुईच्या नेढ्याचा जो दृष्टांत सर्वांच्या तोंडी आहे, तो येशूने ह्याच प्रसंगी दिला.

आता बारकाईने पाहा. तो तरुण दुष्ट नव्हता, ढोंगी नव्हता. त्याचे नेम-नियम चोख होते. आपल्या भाषेत बोलायचे तर गळ्यात माळ, एकादशी, हरिपाठ, सर्व यथासांग. आणि त्याला धनाचा त्याग सांगितला तो शिक्षा म्हणून नव्हे. आधी प्रीती आणि मग आज्ञा, हा क्रम आहे. वैद्य नाडी पाहून एकालाच पथ्य सांगतो, तसे हे. कारण ह्याच येशूने सर्वांना सर्वस्व विकावयास लावलेले नाही. जक्कय नावाचा जकातदार होता. त्याने आपणहून अर्धे धन गरिबांना देतो म्हटले, ज्याला फसविले त्याला चौपट परत करतो म्हटले. येशूने उरलेले अर्धे मागितले नाही. मार्था आणि मरिया ह्या बहिणी बेथानीस आपल्या घरीच राहिल्या. त्या घरी येशू जेवले. अरिमथाईचा योसेफ धनवान होता आणि त्याने स्वतःसाठी खोदलेली कबर प्रभूच्या देहासाठी दिली. म्हणजे घर, शेत, दुकान हे विघ्न नव्हे. ज्याच्यापाशी मन अडकून बसले आहे ते विघ्न. आणि ते प्रत्येकाचे निराळे. सावता महाराजांना मळा सोडावा लागला नाही, गोरोबांना चाक सोडावे लागले नाही, नरहरी महाराजांना सोनाराची पेटी टाकावी लागली नाही. हे आपल्याला सांगावयास नको.

तथापि काहींना सर्वच सोडावे लागते. मिसर देशात अंतोनी नावाचा तरुण होऊन गेला. जन्म इसवी सन २५१ च्या सुमाराचा. आईबाप वारले, घरी एक धाकटी बहीण. वडिलार्जित जमीन तीनशे अरौरा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दोनशे एकर, तीही सुपीक. एके दिवशी हा मंदिरात शिरला आणि नेमकी त्या श्रीमंत तरुणाची कथा वाचली जात होती. अंतोनीला वाटले, हे माझ्यासाठीच वाचीत आहेत. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसे गरिबांत वाटले, बहिणीपुरते थोडे राखले. पुढे उद्याची चिंता करू नये हे वचन कानी पडले, तेव्हा तेही वाटून टाकले आणि बहिणीला व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केले. मग रानावनात राहून, हाताने काम करून, त्याने जन्म काढला. शंभरावर वर्षे जगला आणि ३५६ मध्ये गेला. त्याचे चरित्र आलेक्झांद्रियाचे बिशप अथनासियस ह्यांनी लिहिले आहे. त्यात एक मोठी मौज आहे. शेते गेल्यावर मोह गेले म्हणावे, तर उलट तेव्हाच ते उभे राहिले. एकांतात त्याला जमिनीची आठवण, बहिणीची काळजी, जेवणाची चव, लौकिकाची हाव, एकेक येऊन छळू लागले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच तर सांगितले आहे की, उपाशी माणसाचे विषय दूर होतात, गोडी मागे राहते; ती गोडी परतत्त्व पाहिल्यावाचून जात नाही. शेत सोडणे एका दिवसाचे काम. सुटणे हे जन्माचे.

इटलीतल्या असीसीचा फ्रान्सिस कापडाच्या धनवान व्यापाऱ्याचा मुलगा. १२०६ मध्ये बापाने पैशावरून त्याला बिशपापुढे उभे केले, तेव्हा त्याने पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही उतरवून बापापुढे ठेवले. त्याच्या मागे त्याच्याच संघात, मालकी ठेवावी की न ठेवावी, ह्यावर शंभर वर्षे तंटे चालले. मठ, फड, गादी ह्यांचे दावे ज्यांनी कोर्टात पाहिले आहेत, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव पुष्कळांस 'फुलामुलांचे कवी' म्हणून ठाऊक असेल. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतात पारंगत, शीघ्रकवी. १८९३ मध्ये रेल्वेने राजनांदगावास जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराचे पुस्तक दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्तावर शेकडो अभंग रचले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. त्यांचे स्नेही अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट ह्यांनी उतारवयात महीपतीबुवांच्या संतचरित्रांची इंग्रजी भाषांतरे केली. असा तो पूल दोहींकडून वाहता होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, मुंबईस त्यांचा अंत झाला.

हे झाले टिळकांचे. पण मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मुक्कामावर येऊन जे पुस्तक माझ्या हाती ठेवले ते टिळकांचे नव्हे, त्यांच्या पत्नीचे, लक्ष्मीबाईंचे. 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मी ते वारीत कंदिलाशी वाचले, आणि खरे सांगतो, माझ्या कीर्तनाची एक खुंटी त्याने उपटली.

नवऱ्याने धर्म सोडला ही बातमी त्या बाईवर वीज पडावी तशी पडली. पदरी लहान मुलगा. चार-पाच वर्षांचा दुरावा. नवरा आपल्या ईश्वराकडे निघाला, त्याची पट्टी तिने भरली. ते सर्व तिने न रडता, उलट हसतहसवत लिहिले आहे, म्हणूनच ते अधिक लागते. वाचता वाचता मला जिजाई आठवल्या. आम्ही कीर्तनकार जिजाईंना काय करतो? कजाग, तोंडाळ म्हणून रंगवितो, श्रोते हसतात, मृदंगावर थाप पडते. पण घरी पोरे उपाशी असता ज्या बाईने भामनाथाच्या डोंगरावर भाकरी पोहोचविली, तिने जर आपली स्मृतिचित्रे लिहिली असती, तर आम्हांला हसू आले असते काय? चाळीस वर्षे मी त्या प्रसंगावर टाळ्या घेतल्या. आता तसे सांगवत नाही.

तुकोबारायांच्या बाजूनेही एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे आपण सरसकट म्हणतो. परंपरा अशी आहे की, निम्मी खते त्यांनी आधी धाकट्या बंधूंना, कान्होबांना, वाटून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. दुसऱ्याच्या हक्काचे आपण सोडावयाचे नसते. येशूचाही ह्याच बाबतीत मोठा कटाक्ष आहे. त्या काळी काही लोक आपले धन देवाला अर्पण केले असे म्हणून म्हाताऱ्या आईबापांना पोसण्याचे टाळीत. त्यांना येशूने सर्वांसमक्ष झाडले आहे. आणि खुद्द वधस्तंभावर असताना आपली आई त्याने शिष्याच्या हवाली केली. एकीकडे, माझ्यामागे येणाऱ्याने आईबापांपेक्षाही मला अधिक मानावे, असे म्हणणारा तोच, आणि हा तोच. अंतोनीने बहिणीची सोय लावून दिली ह्याचे मोल येथे कळते. ह्या कसोटीला टिळकांचे पहिले पाऊल मला थोडे उणे वाटते. माझे हे म्हणणे कोणास कठोर वाटेल. पण लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचून मग बोलावे.

त्यांची स्वतःची सुटका कशाने झाली, हे तर फारच शिकण्यासारखे आहे. त्यांच्यापाशी धन नव्हतेच. होते ते सोवळे. वडिलांच्या घरी सोवळ्याचा अतिरेक, तोच अंगी मुरलेला. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे परत आल्या तरी विटाळ सांभाळीत. मग विचार करता करता त्यांना उमगले की, जाती देवाने केलेल्या नव्हेत. आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, ह्या आमच्या वाटेवरच्या राहुरीस. म्हणजे त्या तरुणाला जसे शेत, तसे ह्या बाईला सोवळे. आणि आपण हसू नये. एकमेकांच्या पाया पडणारे आपण वारकरी; पण पांडुरंगाच्या गाभाऱ्याचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. तोवर आपल्यालाही ते सुटले नव्हते.

मास्तरांचा प्रश्न मात्र माझ्या अंगावर राहिला होता. माझे काय अडकले आहे, हे मला ठाऊक होते. सांगावयास लाज वाटत होती. एका गावच्या सप्ताहात बावीस वर्षे काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. २०१७ साली मंडळींनी ते एका तरुण महाराजांना दिले आणि मला सहाव्या दिवसाची सेवा दिली. पाकिटात फरक नव्हता. पण मी प्रकृतीचे निमित्त सांगून काला न घेताच घरी परतलो. एकादशी सोडली नाही, वारी सोडली नाही, चहासुद्धा पंधरा वर्षांपूर्वी सोडलेला. आणि एका कीर्तनाच्या मानासाठी देवाच्या काल्याला पाठ दाखविली. तो तरुण खिन्न होऊन गेला, तो कोणत्या पावलांनी गेला असेल हे मला चांगले ठाऊक आहे. मास्तरांना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितले. ते काही बोलले नाहीत. म्हणाले, "ताक घ्या अजून."

मध्ये दोन वर्षे साथीमुळे पायी वारी झाली नाही. २०२२ साली पुन्हा निघालो तेव्हा मास्तर काठी टेकीत आले, ताकाची कळशी नातवाच्या हाती. त्याच वर्षी मी त्या गावच्या सप्ताहास न बोलावता गेलो. काल्याच्या दिवशी टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहिलो. तरुण महाराजांचा आवाज गोड, पाठांतर चोख. पेंद्याच्या शिदोरीचा प्रसंग त्यांनी असा उभा केला की, माझ्या शेजारचे म्हातारे टाळकरी डोळे पुसू लागले. मी दहीपोह्यांचा काला दोन्ही हातांनी घेतला. नंतर त्यांच्या पायांवर डोके ठेवावयास वाकलो, तर त्यांनीच आधी माझे पाय धरले.

घरी येताना एस्टीत बसल्यावर ध्यानात आले, दुसऱ्या चरणाचा त्यांनी लावलेला अन्वय चुकला होता, आणि तो कसा चुकला हे मी गाव येईपर्यंत मनात मांडीत होतो.