वाढत्या पोटाचे गणित

आपल्या हॉस्टेलची एक खास 'बॉडी' आहे. हात-पाय काडीसारखे आणि मध्ये घागर! कोणाला विचारा, तो म्हणेल, "मी कुठे जाड आहे? थोडंसं पोट आलंय, एवढंच." हे 'एवढंच' प्रकरण वाटते तितके साधे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच शरीरावर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची 21.2 टक्के! म्हणजे वजनकाटा दोघांना सारखेच मार्क देतो, पण आतला हिशोब वेगळा. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त आणि ती पोटात साठलेली. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते. माझ्या घरी वडिलांना चाळिशीत शुगर निघाली, काकांनाही आहे. म्हणून सेकंड इयरला मी काट्याऐवजी टेप विकत घेतला. कंबर भरली 96 सें.मी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 आणि स्त्रियांसाठी 80 धरतात. (शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचे. पोट आत ओढून नाही!)

आता उपाय म्हटला की प्रत्येकाच्या डोक्यात आधी व्यायाम येतो. आपण इंजिनिअर, तर जरा गणितच करू. देवगिरीचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलाय. डोंगर सुमारे 200 मीटर उंच. 70 किलोचा विद्यार्थी पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढला तर एमजीएच किती? 70 गुणिले 9.8 गुणिले 200, म्हणजे 1,37,200 ज्यूल. कॅलरीत सांगायचे तर जेमतेम 33 किलोकॅलरी! स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के धरली, तरी खर्च दीडशेच्या आसपास. आणि कॅन्टीनचा एक मोठा समोसा? साधारण अडीचशे. अंधारीतून चाचपडत, घाम गाळत किल्ला सर करा आणि खाली येऊन एक समोसा खा, हिशोब उलट तोट्यात.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 किलोकॅलरी. रोज पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरते, तेही सुरुवातीला. पुढे वेग मंदावतो, कारण हलके झालेले शरीर कमी खर्च करते. "आठ दिवसांत पाच किलो" म्हणणाऱ्यांचे मुख्यतः पाणी गेलेले असते आणि थोडे स्नायूही.

ही पाचशेची तूट मेसमध्ये कशी काढायची? 2018 च्या सुमारास आख्ख्या महाराष्ट्रात 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता, आठवतो का? डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांच्या आत, आणि रोज 45 मिनिटे चाला. ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे, थोडे-थोडे पण वरचेवर खा. घराघरात दोन पक्ष पडले. माझे मत विचाराल तर दोन्हीकडे ज्यांची पोटे उतरली, त्यांची अधलीमधली बिस्किटे, फरसाण आणि गोड चहा सुटला म्हणून उतरली. दोन जेवणे झेपत असतील तर खुशाल करा. मात्र इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मी स्वतः वेळापत्रक बदलले नाही, तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे तर्री. एक मोठा चमचा तेल 120 किलोकॅलरीचे असते आणि आपल्या मेसच्या भाजीवर त्याचा तवंग तरंगतो. "मावशी, वरची तर्री नको, खालून द्या," एवढे बोलायला शिकलो. (मावशी आधी रागावल्या, आता स्वतःच पळी खाली घालतात.) दुसरी, चार कप चहाचे दोन केले. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे प्रथिने. मेसची डाळ इतकी पातळ की वाटीचा तळ दिसतो! 60-65 किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिने तरी हवीत. एका अंड्यातून सहा मिळतात, मूठ-दोन मूठ फुटाण्यांतून दहाएक. खोलीत फुटाण्यांचा डबा ठेवला तर रात्री अकराला मॅगीची आठवण कमी येते. शेंगदाणे चांगलेच, पण त्यात निम्मे तेल असते, म्हणून मूठभरच.

मग व्यायाम कशाला? मी त्याला वजनाच्या हिशोबात धरतच नाही. चालणे आणि चढण यांनी पोटाच्या आतली चरबी हलते, कधीकधी काटा जागचा न हलताही. दंड-बैठकांनी स्नायू टिकतात आणि रक्तातली साखर उचलायची ती स्नायूंनीच. नुसत्या सिटअप्सने पोट जात नाही, शरीर चरबी कुठून काढायची हे आपल्याला विचारून ठरवत नाही. जिमची फी परवडत नसेल तर हॉस्टेलचा जिना आहेच. आणि रविवारी पहाटे गोगाबाबा टेकडीवर या, बघा सत्तरीचे आजोबा आपल्याला मागे टाकून कसे जातात ते.

झोपेचे मात्र कठीण आहे. सबमिशनच्या आठवड्यात नाईट मारली की दुसऱ्या दिवशी भूक दुप्पट लागते, आणि लागते ती वडापावचीच. यावर मला अजून तोड सापडलेली नाही. सरांनी तारखा थोड्या विभागून दिल्या तर आमच्या पोटांवर उपकार होतील!

असो. पाच महिन्यांत माझी कंबर 96 वरून 88 वर आली, वजन सात किलो उतरले. मेस कमिटीकडे आठवड्यातून तीनदा उकडलेली अंडी आणि शाकाहारींसाठी मोड आलेली मटकी द्यावी असा अर्ज दिला आहे, त्यावर अजून सह्या हव्या आहेत. अर्ज मेसच्या काउंटरवर आहे. टेप माझ्या खोलीत आहे, कोणीही येऊन मोजून जा.