कॅप्सूल की ताक?

प्रश्न : वय ५१. पाळी थांबत आली आहे, पोट साफ होत नाही, सर्दी तर पाचवीलाच पुजलेली. मैत्रीण प्रोबायोटिक कॅप्सूल घे म्हणते. घेऊ का?

उत्तर : ताई, घाई नको. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू. वापरून झालेलं इस्ट्रोजेन (पाळीशी निगडित संप्रेरक) यकृत पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू ते पुन्हा मोकळं करतात आणि थोडं रक्तात परततं. आतड्यातल्या जिवाणूंचा पाळीशी संबंध आहे तो असा. पण कॅप्सूलने रजोनिवृत्तीचा त्रास जातो, याला भक्कम पुरावा नाही. सर्दीचं म्हणाल तर, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा साठाही आतड्यातच असतो. तिथल्या जिवाणूंना चोथा हवा : ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपू. हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस धरेल! कॅप्सूलपेक्षा जेवणात ताजं ताक घ्या. बद्धकोष्ठ हटत नसेल तर थायरॉइड तपासा; शौचातून रक्त गेलं तर थेट डॉक्टरांकडे.